विहारात शिरताना पाटी वाचावी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या बौद्धवाडीत गेलात तर विहाराच्या दाराशेजारी भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी बहुधा दिसेलच. वर विहाराचं नाव, खाली एका बाजूला 'मुंबई मंडळ', दुसऱ्या बाजूला 'ग्रामीण मंडळ', मग नावांची रांग आणि प्रत्येक नावापुढे आकडा : ५०१, १००१, ५००१. कुणी आईच्या स्मरणार्थ पंखा दिलेला असतो, कुणी लाद्या, कुणी लाऊडस्पीकरचा संच. बुद्धमूर्तीकडे वळण्याआधी मी ही पाटी वाचतो. कोण गिरणीत होता, कोण बेस्टमध्ये लागला, कुणाचा मुलगा आता बँकेत आहे, हे वाडीतला जाणता माणूस पाटीवर बोट ठेवून बसल्या जागी सांगू शकतो.

अशाच एका पाटीसमोर उभा असताना मी शेजारच्या वयस्क गृहस्थांना विचारलं, "काका, हे मंदिर कधी बांधलंत?" त्यांनी मला एकदा खालून वर न्याहाळलं. "मंदिर नाय, विहार म्हणा. मंदिरात मागायला जातात. इथं कोण काय मागत नाय." एवढं बोलून त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि चहा सांगितला.

शब्दांचा हा घोळ आधी सोडवून घेऊ. जुन्या अर्थाने विहार म्हणजे भिक्खूंचं राहण्याचं ठिकाण. चैत्य म्हणजे वंदनेची जागा, आणि स्तूप म्हणजे पोटात अस्थी किंवा पवित्र वस्तू ठेवून वर रचलेला घुमट. लेण्यांमध्ये हे वेगवेगळे ओळखता येतात : भोवती कोठड्या असलेला विहार, कमानदार छताचं चैत्यगृह आणि त्याच्या टोकाशी स्तूप. डॉ. आंबेडकरांच्या १९५६च्या धम्मदीक्षेनंतरच्या महाराष्ट्रात 'विहार' या एकाच शब्दाने सगळ्यांचं काम अंगावर घेतलं. तिथे भंते क्वचितच मुक्कामाला असतात. पण सकाळी बालवाडी भरते, रात्री दहावीच्या मुलांची अभ्यासिका चालते, रविवारी वंदना होते, लग्नसराईत मंगल परिणय लागतात आणि वाडीत काही वाद झाला तर त्याची बैठकही तिथेच बसते.

गंमत अशी की सम्राट अशोकाच्या लेखांत 'विहारयात्रा' म्हणजे मौजेची सहल. मुंबईच्या उत्तरेला, आजच्या नालासोपाऱ्याजवळ, १८८२ साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. पूर्वीचे राजे शिकारीसाठी नि करमणुकीसाठी विहारयात्रा काढत; आपण मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या, असा त्या लेखाचा आशय आहे. ब्राह्मण-श्रमणांना भेटायचं, वृद्धांना दान द्यायचं, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलायचं, असा त्या यात्रेचा कार्यक्रम. बौद्ध स्थळं कशी पाहावीत याचं मुंबई परिसरातलं सर्वांत जुनं मार्गदर्शन हेच म्हणायला हवं, आणि त्यात लोकांशी बोलण्याचा उल्लेख आहे हे मला विशेष वाटतं.

गावच्या पाटीवरचे आकडे मुंबईहून येतात, म्हणून मीही एकदा ठरवून मुंबईचे विहार पाहायला निघालो. देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात राहतात, असं २०११ची जनगणना सांगते. मुंबईचं वेगळेपण मात्र संख्येत नाही. जपानी, चिनी, ब्रह्मी, सिंहली आणि आपला नागपूरच्या दीक्षाभूमीवरून आलेला, असे अनेक वळणांचे बुद्ध तिथे लोकलच्या पासावर पाहता येतात.

तुतारी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरलं की पश्चिमेला समुद्राच्या दिशेने चालत सुटायचं. शिवाजी पार्क ओलांडलं की चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर इथे अंत्यसंस्कार झाले. आजचा स्तूप ५ डिसेंबर १९७१ला त्यांच्या स्नुषा मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते खुला झाला. पहिल्यांदा येणारा माणूस थोडा चकित होतो, कारण वास्तू लहान आहे. सांचीच्या तोरणासारखी कमान, अशोकस्तंभाची प्रतिकृती, आत अस्थी आणि मूर्ती. सहा डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, लाखो माणसं याच छोट्या घुमटापुढून रांगेने जातात. त्या दिवशी शिवाजी पार्कवर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात ते नक्की पाहावेत. दर्शनानंतर पिशवीत प्रसादाऐवजी पुस्तक घेऊन घरी जाणारी यात्रा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, आमच्या मंडणगड तालुक्यातलं. त्यांचं बालपण काही काळ दापोलीत गेलं आणि पुढे बिऱ्हाड परळला आलं. तिथल्या बी.आय.टी. चाळ क्रमांक १ मधल्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत ते १९१२ ते १९३४ राहिले. त्यांच्या हाती बुद्धचरित्र पहिल्यांदा दिलं तेही एका कोकणी माणसाने. मॅट्रिक झाल्यावर कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्यांना भेट दिलं. केळुसकर वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे. वेंगुर्लं तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली.

त्याच परळमध्ये बहुजन विहार आहे. तो उभारला धर्मानंद कोसंबींनी, १९३७ साली. कोसंबी गोव्यातल्या सांखवाळचे. घरची नारळाची बागायत सांभाळणाऱ्या या तरुणाने 'बालबोध मेवा' या मराठी मासिकात बुद्धाची हकीकत वाचली आणि पुढे त्या ओढीने घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असं करत, बराचसा प्रवास पायी आणि मिळेल ते खाऊन, ते १९०२ साली सिलोनला पोचले आणि तिथे पाली शिकले. पुढे हार्वर्डला जाऊन त्यांनी पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम केलं. इतका मोठा पंडित मुंबईत विहार काढताना मलबार हिलवर गेला नाही. त्याने गिरणगाव निवडलं आणि नाव ठेवलं 'बहुजन'. कोसंबी आणि केळुसकर या दोघांच्या कथेत बुद्ध कोकणच्या माणसाला भेटतो तो छापील मराठीतून, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

आता पाटीचा प्रश्न. बहुजन विहाराला पैसा दिला जुगलकिशोर बिर्लांनी. परळहून वरळीला गेलात तर ॲनी बेझंट रोडवर निप्पोनझान म्योहोजी हे जपानी बौद्ध मंदिर लागतं. तेही बिर्लांनीच बांधून दिलेलं. बुद्धाचा धम्म हा व्यापक आर्यधर्माचीच शाखा आहे अशी जुगलकिशोरजींची श्रद्धा होती. उलट नागपूरला १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचं साफ नाकारते. म्हणजे एकाच शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर, दोन अगदी विरुद्ध समजुतींच्या पैशातून बुद्ध उभे राहिले. मूर्तीच्या चेहऱ्यावरून हे कळत नाही. त्यासाठी पैसा कुणाचा हेच विचारावं लागतं.

वरळीचं मंदिर निचिदात्सु फुजी यांच्या पंथाचं. ते १९३१ साली भारतात आले, पुढे वर्ध्याला गांधीजींना भेटले, आणि आपल्याकडे फुजी गुरुजी म्हणून ओळखले गेले. सकाळ-संध्याकाळ इथे ढोल आणि हातात धरायची चपटी डफली वाजवत 'नमु म्योहो रेंगे क्यो' या एकाच मंत्राचा घोष चालतो. आलेल्या माणसाच्या हातीही डफली दिली जाते. ठेका सोपा आहे. ज्याने शिमग्यात ढोल बडवला आहे त्याला दोन मिनिटांत जमतो. मंत्रात वंदन आहे ते एका ग्रंथाला : सद्धर्मपुंडरीक सूत्राला. हे नाव लक्षात असू द्या, पुढे दोनदा येणार आहे.

हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोडला उतरून माझगावच्या नवाब टँक रोडवर गेलं की लाल दाराचं एक चिनी मंदिर आहे, सी यूप कून. कँटनकडच्या खलाशांनी आणि कारागिरांनी १९१९च्या सुमारास ते उभारलं. मंदिराचं मुख्य दैवत ग्वान गाँग हा शूर सेनापती, पण त्याच इमारतीत करुणेची देवी ग्वानयिनही आहे. मुंबईतली चिनी वस्ती १९६२च्या युद्धानंतर ओसरत गेली. आता खरी वर्दळ असते ती चिनी नववर्षाला. भविष्य सांगणाऱ्या बांबूच्या काड्याही इथे आहेत. आमच्या वाडीतले काका पाहतील तर कपाळाला हात लावतील. पण ही ग्वानयिन मुळात कोण? ती म्हणजे अवलोकितेश्वर, भारतातला करुणेचा बोधिसत्त्व. चीनला गेल्यावर काही शतकांत त्याचं स्त्रीरूप झालं. तो तिथे घरोघरी पोचला तो कुमारजीवाने इसवी सन ४०६ मध्ये केलेल्या सद्धर्मपुंडरीकाच्या चिनी भाषांतरामुळे. त्या सूत्रातलं एक प्रकरण सांगतं की आग, पूर, चोर, जहाज फुटणं अशा संकटांत अवलोकितेश्वराचं नाव घेतलं तर तो धावून येतो.

हेच प्रकरण दगडात पाहायचं असेल तर बोरिवलीला जायला हवं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आगेमागे कोरायला सुरुवात झाली आणि दहाव्या शतकाच्या आसपासपर्यंत इथे भिक्खूंचा राबता होता. बहुतेक लोक ३ क्रमांकाचं चैत्यगृह पाहतात, मोठ्या बुद्धासमोर फोटो काढतात आणि परत फिरतात. थोडं वर चढायची तयारी ठेवा. ४१ क्रमांकात अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर आहे. ९० क्रमांकात तोच बोधिसत्त्व मधोमध उभा आहे आणि दोन्ही बाजूंच्या चौकटींत माणसं संकटांत सापडलेली : एके ठिकाणी हत्ती, एके ठिकाणी साप, एके ठिकाणी बुडणारं तारू. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतून माल पाठवणाऱ्यांना आणि दर्यात जाणाऱ्यांना या देवत्वाची गरज का वाटली असेल, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. वरळीचा ढोल, माझगावची ग्वानयिन आणि हे लेणं, तिघांच्या मुळाशी पुस्तक एकच.

याच ९० क्रमांकात पारशी मंडळींनी पहलवी लिपीत स्वतःची नावं कोरून ठेवली आहेत, १००९ आणि १०२१ या सालांतली. दुसऱ्या धर्माचं स्थळ पाहायला जायचं आणि भिंतीवर नाव लिहून यायचं, ही खोड किमान हजार वर्षांची आहे तर. त्यांचे लेख आज संरक्षित आहेत; तुमचे होणार नाहीत.

पण कान्हेरीला मी जातो तो दुसऱ्याच लेखांसाठी. लेण्यांच्या आणि पाण्याच्या टाक्यांच्या कडेला ब्राह्मी लिपीत प्राकृत लेख कोरले आहेत. वाचता येत नसले तरी विद्वानांनी केलेली वाचनं बरोबर घेऊन जावीत. त्यांतला नेहमीचा शब्द आहे 'देयधम्म', म्हणजे धर्मार्थ दिलेली वस्तू. कल्याणच्या सोनाराने दिलेली पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं. सोपाऱ्याच्या मणिकाराचं दान. लोहाराने बांधून दिलेली वाट. व्यापारी, गृहिणी, भिक्खुणी, सगळे दाते गावाच्या नावासकट नोंदलेले. काही लेखांत 'अखयनिवि' आहे : मुद्दल कधी मोडायचं नाही, त्याच्या उत्पन्नातून भिक्खूंना चीवर द्यायचं. आजच्या भाषेत मुदत ठेव. आईवडिलांना पुण्य लाभावं म्हणून दिलं, असंही बऱ्याच जागी म्हटलं आहे. आमच्या वाडीतला पंखा 'आईच्या स्मरणार्थ' आहे. सोनाराचं टाकंही त्याच जातीचं. फरक पडला तो रकमेचा नि दगडाचा. लेणी राजांनी कोरली असं शाळेत आम्हाला मोघम सांगितलं जायचं. कान्हेरीची भिंत सांगते की ती बरीचशी वर्गणीतून झाली.

वर्गणीचं तंत्र मुंबईच्या कोकणी बौद्धांनी तर शास्त्राच्या पातळीला नेलं आहे. त्यांच्या संघटनेच्या, म्हणजे बौद्धजन पंचायत समितीच्या, पावतीवर किंवा निमंत्रणपत्रिकेवर शाखा क्रमांक आणि गट क्रमांक असतो. एका गावचे लोक म्हणजे साधारण एक शाखा. महिन्याची सभा परळला किंवा नायगावला चाळीच्या एखाद्या खोलीत, हिशेब वहीत, आणि सोडलेला संकल्प चारशे किलोमीटरवरच्या गावात : विहाराचा स्लॅब, विहारापर्यंतची पाखाडी, बोअरवेल. गिरण्या बंद पडल्या तेव्हा नावांपुढचे आकडे आटले, तरी सभा चालू राहिल्या.

गोराईचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा हा सगळ्यात नवा आणि आकाराने अवाढव्य. गोराई खाडीच्या जेट्टीवरून होडीने जाता येतं. यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या धर्तीचा, सुमारे ३२५ फूट उंचीचा. आतल्या घुमटाचा व्यास २८० फूट आणि खाली एकही खांब नाही. राजस्थानातून आणलेले दगड खाचांनी एकमेकांत अडकवून, पोलादी सांगाड्याशिवाय तो पेललेला आहे. जवळपास ८००० माणसं एका वेळी ध्यानाला बसू शकतात. २००९च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. साधना न करणाऱ्या पाहुण्याला मुख्य घुमट काचेआडून पाहावा लागतो. काहींना ते खटकतं. मला ठीक वाटलं, कारण आत शांतता खरोखरच राखलेली असते. हे सगळं उभं राहण्यामागचे सत्यनारायण गोएंका १९२४ साली ब्रह्मदेशात मंडालेला जन्मले. गुरू सयाजी उ बा खिन यांच्याकडे शिकून ते १९६९ साली भारतात आले आणि त्यांचं पहिलं शिबिर मुंबईतच झालं. दानाचा त्यांचा नियमही निराळा : शिबिराची फी नाही, आणि दान घ्यायचं ते शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच. पदरात काही पडल्याशिवाय पावती फाडायची नाही.

इथे रत्नागिरीकराचे कान टवकारतात, कारण मंडाले आम्हाला शेजारच्या आळीसारखं आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना इंग्रजांनी १९०८ साली मंडालेला नेऊन ठेवलं. त्याआधी, १८८६ साली, मंडालेच्या थिबा राजाला रत्नागिरीला आणून ठेवलं होतं. थिबा राजवाड्यात येणाऱ्या प्रत्येक सहलीला ही अदलाबदल सांगितली जाते. थिबाची दुसरी ओळख सांगितली जात नाही : गादीवर येण्यापूर्वी तो मठात शिकलेला, बौद्ध ग्रंथांच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला विद्यार्थी होता. त्याचा बाप मिंडॉन राजा. त्याने मंडालेला कुथोडॉ पॅगोड्याच्या आवारात सगळं त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरवून घेतलं. दानाची इतकी मोठी पाटी जगात दुसरी नसेल. आणि मुलगा सरकारी पेन्शनीवर, कर्जाच्या चिंतेत, भाट्याच्या खाडीकडे बघत तीस वर्षं राहिला. राजवाडाही त्याच्या पैशाचा नव्हता. सरकारने बांधला, १९१०च्या सुमारास. १९१६च्या डिसेंबरमध्ये तो इथेच वारला.

जिल्ह्यात बुद्ध थिबाबरोबर आला असं मात्र नाही. दापोली तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाझीला २९ लेणी आहेत. मधुसूदन देशपांडे यांनी १९७०च्या दशकात त्यांचा कसून अभ्यास केला. सुरुवातीला साधी बौद्ध लेणी, मग वज्रयानाच्या अक्षोभ्य आणि महाचंडरोषणाच्या मूर्ती, पुढे शिलाहारांच्या काळात गणपती आणि शिव, आणि शेवटी नाथपंथी सिद्ध. एकाच कातळावर हजारभर वर्षांत बिऱ्हाडं बदलत गेली. मुंबईच्या गर्दीत जे पसरून पाहावं लागतं ते इथे एका रांगेत आहे, आणि बहुतेक दिवस तुमच्याशिवाय तिथे कुणी नसतं.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. विहारात चपला बाहेर काढा, स्तूपाला प्रदक्षिणा घालताना तो उजव्या हाताला ठेवा, नारळ नेऊ नका. फूल, मेणबत्ती, अगरबत्ती पुरते. वंदना पालीत असते, कळली नाही तरी मांडी घालून बसा, कुणी उठवत नाही. समोरच्याने 'जय भीम' म्हटलं की 'जय भीम' म्हणावं. वस्तीतला विहार पाहायचा तर रविवारी सकाळी किंवा पौर्णिमेला जा, एरवी कुलूप असेल. किल्ली बहुधा शेजारच्या घरात असते. कान्हेरी सोमवारी बंद. आणि रत्नागिरीला आलात तर राजवाडा पाहून लगेच गणपतीपुळ्याची वाट धरू नका. शिवाजीनगरात थिबाची आणि त्याच्या धाकट्या राणीची समाधी आहे. २०१२च्या डिसेंबरमध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन वंदन करून गेले. 'थिबाची समाधी' म्हणून सांगितलंत की रिक्षावाला नेतो.